चौदा नंबरचा क्लच

माझ्या शरीरातला सगळ्यांत कष्टाळू अवयव कोणता असं कुणी विचारलं, तर मी विचार न करता डावा पाय पुढे करीन. मेंदूचं नाव घ्यायचा मोह होतो, पण बायको घरात असताना असली विधानं जपून करावी लागतात. गेली सव्वीस वर्षं मी मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. शिकाऊ माणसाच्या बाजूच्या सीटवर बसायचं, उजवा पाय जादा ब्रेकवर ठेवायचा आणि डावा जादा क्लचवर. शिकाऊ माणूस स्टिअरिंगला लोंबकळत, आपण गाडी चालवतोय अशा गोड समजुतीत असतो. प्रत्यक्षात गाडी माझा डावा पाय चालवत असतो. चढावर गाडी अर्ध्या क्लचवर धरून ठेवायची, एक बोटभरही मागे जाऊ द्यायची नाही, ही कला मी आजवर काही हजार लोकांना शिकवली. त्यांत दोन डॉक्टर, एक न्यायाधीश आणि एक कायम झोपलेले प्राध्यापक आहेत. रस्त्यात लोक मला ‘मास्तर’ म्हणून हाक मारतात आणि मी मान न वळवता हात वर करतो. तेवढा मान मला होता.

मग विजेच्या गाड्या आल्या.

आमच्या गावाबाहेर मोटारींचा मोठा कारखाना आहे. त्याच्या प्रयोगशाळेत माझी बायको बावीस वर्षं इंजिन ऑइल तपासत होती. एके दिवशी कारखान्याने जाहीर केलं की इंजिनाचा विभाग बंद, यापुढे विजेच्या गाड्या, आणि शेजारच्या माळावर बॅटऱ्यांचा नवा कारखाना. ज्या गाडीला इंजिनच नाही तिला ऑइल कशाला लागेल? आणि जिला गिअर नाहीत तिला क्लच कशाला? एकाच घोषणेत आम्ही नवराबायको दोघंही निकालात निघालो. फरक एवढाच की मी तीन दिवस वर्तमानपत्राला शिव्या देत बसलो, आणि बायकोने दुसऱ्या दिवशी बॅटरीच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं.

चार महिन्यांनी ती परीक्षेत पहिली आली. तिच्याबरोबर बसलेली सगळी मुलं तिच्या निम्म्या वयाची होती, हे ती सांगत नाही, मी सांगतो. बॅटरीचे नमुने तपासणाऱ्या विभागाची प्रमुख म्हणून तिला नेमणूकपत्र आलं. ते तिने मला वाचायला दिलं आणि शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. बॅटरीचे सेल जिथे बनतात ती शेड आणि जिथे ते जोडून पूर्ण बॅटरी होते ती शेड, यांच्यात नऊ किलोमीटरचं अंतर आहे. प्रमुखाने नमुने घेऊन दिवसातून दोनदा स्वतः गाडीने जायचं. गाडी कंपनीची, विजेची. पण रुजू होण्याआधी, म्हणजे पुढच्याच्या पुढच्या महिन्याच्या एक तारखेआधी, वाहन चालवण्याचा परवाना दाखवायचा. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला.

“एकेचाळीस दिवस आहेत,” बायको म्हणाली.

इथे मला एक कबुली द्यावी लागेल. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरच्या बायकोला गाडी येत नव्हती. लग्न झाल्यावर चौथ्या दिवशी मी तिला मोठ्या उत्साहाने शिकवायला नेलं होतं. नदीवरच्या पुलाच्या चढावर तिने क्लच सोडला, गाडी मागे गेली आणि एका पाण्याच्या टँकरला टेकली. त्यावर मी जे बोललो ते सगळं सांगत नाही. शेवटचं वाक्य होतं, “तुला आयुष्यात गाडी येणार नाही!” ती पर्स उचलून खाली उतरली आणि चालत घरी गेली. भांडण संध्याकाळी मिटलं, पण स्टिअरिंगसमोर ती पुन्हा कधी बसली नाही. सव्वीस वर्षं मी गावाला गाडी शिकवली आणि त्यातली बावीस वर्षं ती बसने कामाला गेली.

“दुसऱ्या एखाद्या स्कूलमध्ये...” मी चाचरत म्हणालो.

“मास्तरची बायको दुसरीकडे शिकते असं गावभर झालं तर चालेल तुम्हाला?”

चाललं नसतं.

“मग तुम्हीच शिकवा. पण क्लचच्या गाडीत मी पाय ठेवणार नाही. आता बिनक्लचच्या गाडीचा वेगळा परवाना मिळतो. विजेची गाडी आणा. नाहीतरी चौकशीला येणारी निम्मी माणसं तीच शिकवता का विचारतात आणि तुम्ही त्यांना हाकलून देता.”

हाकलून देतो हे खोटं आहे. मी त्यांना समजावून सांगतो की विजेची गाडी म्हणजे गाडी नव्हे, तो चाकं लावलेला मिक्सर आहे. ते आपणहून जातात.

पण बायकोचा चेहरा पाहिला आणि ठरवलं. गाडी आणायची, परवाना काढायचा, एक तारखेला तिला कारखान्याच्या दरवाजातून आत जाताना पाहायचं. एका दंतवैद्याची वापरलेली विजेची गाडी मिळाली. ती दंतवैद्यानेच घरापर्यंत आणून दिली. वाटेत तो तिच्या गुणांबद्दल बोलत होता आणि तोंड उघडायची सवय नसलेल्या माणसासारखा मी ऐकत होतो. गाडी आवाज न करता आमच्या इमारतीच्या फाटकातून आत आली, आणि तिथून खरा आवाज सुरू झाला.

आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडं आहेत आणि चौदा मतं. गाडीला वीज लागते, वीज खालच्या पार्किंगमध्ये हवी, आणि त्यासाठी सोसायटीची परवानगी. बैठक बोलावली गेली. तळमजल्यावरच्या काकूंना भीती होती की गाडीने वीज ओढली की त्यांचा फ्रिज मंद पडेल. तिसऱ्या मजल्यावरच्या विमा एजंटाने विचारलं की बॅटरी फुटली तर नुकसान फक्त गाडीमालकाचं होईल का वरच्या मजल्यांचंही, आणि उत्तराची वाट न पाहता सगळ्यांना माहितीपत्रकं वाटली. वीज कार्यालयातून निवृत्त झालेले एक शेजारी आहेत, त्यांना आम्ही फेजकाका म्हणतो. त्यांनी कागदावर एक आकृती काढली, ती उलटी धरून पाहिली, आणि म्हणाले, “तत्त्वतः शक्य आहे. पण तत्त्वतः तर पुष्कळच काय काय शक्य आहे.” एवढ्यावर पहिली बैठक संपली.

दुसरी बैठक होईपर्यंत मी आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून खिडकीवाटे वायर खाली सोडली. गाडी वायरीला लावली की घरात इस्त्री, गिझर आणि ओव्हन यांपैकी काहीही चालू करायचं नाही, असा फेजकाकांचा सल्ला होता. मी एकदा विसरून गिझर लावला आणि डोक्याला साबण असताना पूर्ण जिन्याचे दिवे गेले. बाहेर मला माझ्या नावाने बोलणारे बरेच आवाज ऐकू आले. शेवटी दुसऱ्या बैठकीत बायकोनेच तोंड उघडलं. तिने एक वही आणली होती. कुणाच्या घरात कोणतं यंत्र किती वीज खातं हे तिने दारोदार जाऊन लिहून आणलं होतं, आणि विमा एजंटाचे दोन एअर कंडिशनर मिळून आमच्या गाडीपेक्षा जास्त खातात हे तिने शांतपणे वाचून दाखवलं. दहा मिनिटांत परवानगी मिळाली. काकू तर म्हणाल्या, “आधीच असं सांगायचं ना.” मी सहा दिवस वेगळं काय सांगत होतो ते मला अजून कळलेलं नाही.

आता गाडीची नोंद शाळेच्या नावावर करायची होती. शिकवायच्या गाडीची तपासणी परिवहन कार्यालयात होते. तिथला कारकून मला वीस वर्षं ओळखतो. ओळख असल्यामुळे तो माझ्याकडे न पाहताच बोलतो.

“चौदा नंबर राहिला,” अर्ज परत सरकवत तो म्हणाला.

“चौदा नंबरला काय आहे?”

“‘प्रशिक्षकाच्या पायाशी क्लच आहे काय?’”

“विजेच्या गाडीला क्लच नसतो.”

“कुणाच्याच पायाशी?”

“कुणाच्याच.”

“मग चालते कशी?”

“चालते.”

“चालू द्या, माझं काही म्हणणं नाही. पण चौदा नंबरला ‘नाही’ लिहिलं तर गाडी नापास, आणि रिकामा ठेवला तर अर्ज अपुरा.”

“‘लागू नाही’ लिहितो.”

“ते फक्त अकरा नंबरला लिहिता येतं.”

मी अकरा नंबर पाहिला. तिथे ‘अर्जदार मयत असल्यास दिनांक’ असं होतं. चौदा नंबरच्या कृपेने लवकरच तोही भरता येईल असं मला वाटलं. मी वाद घातला, वरच्या साहेबांचं नाव घेतलं. साहेब रजेवर होते. बायकोचे एकतीस दिवस उरले होते.

कोणताही शहाणा माणूस इथे वरती पत्र लिहील, पंधरा दिवस थांबेल. मी सरळ मिस्त्रीला घरी बोलावून आणलं. माझ्या गाड्यांचे क्लच गेली वीस वर्षं तोच बदलतो. खरं सांगायचं तर मला मनातून थोडा आनंदच झाला होता. सरकारलासुद्धा क्लचशिवाय गाडी पटत नाही, याचं मला समाधान होतं.

मिस्त्रीने बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि नातेवाइकाला अतिदक्षता विभागात पाहावं तसा चेहरा केला. “मास्तर, यात काहीच नाही हो.”

“एक क्लचचं पेडल बसवायचं. बाजूच्या सीटसमोर.”

“कशाला जोडू?”

“कशालाच नको.”

“कशालाच न जोडलेला क्लच मी आजपर्यंत बसवलेला नाही,” तो म्हणाला.

“मीही आजपर्यंत दाबलेला नाही. पण बसव.”

त्याने बसवला, आणि काय सुरेख बसवला! जुन्या गाडीचं पेडल, वर नवं रबर, मागे नेमक्या ताकदीची स्प्रिंग. दाबला की अगदी खऱ्यासारखा जड लागायचा आणि अर्ध्यावर थोडा थरथरायचासुद्धा. ही थरथर त्याने आपल्या मनाने घातली होती. जाताना त्याने पेडलवरून एकदा फडकं फिरवलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीच गाडी चालवत परिवहन कार्यालयात घेऊन आला. कारकुनाने खिडकीतून मान काढून पेडल पाहिलं, चौदा नंबरला ‘होय’ लिहिलं आणि मला महिनाभराचं तात्पुरतं परवानगीपत्र दिलं. गाडी नियमात बसली.

शिकवणी सुरू झाली, आणि आश्चर्य म्हणजे फार छान चालली. बायको सकाळी साडेसहाला तयार असायची, खिशात छोटी डायरी. आज काय चुकलं ते ती ऑइलच्या नमुन्याचा अहवाल लिहावा तसं लिहायची. ‘वळण: उशिरा. आरसा: विसरला. वेग: समाधानकारक.’ आणि मी? मी ओरडत नव्हतो. सव्वीस वर्षांत न ओरडता मी एकही चौक ओलांडलेला नाही. एकदा कारण लक्षात आलं. तिने वळण उशिरा घेतलं की माझा डावा पाय आपोआप क्लचवर जायचा आणि तो खोटा क्लच मी जीव खाऊन दाबायचो. गाडीला काही व्हायचं नाही, पण माझ्या घशाशी आलेलं सगळं त्या स्प्रिंगमध्ये जिरायचं. एके दिवशी बाजारातून जाताना मी तो अडतीस वेळा दाबला आणि तोंडाने फक्त “छान” म्हणालो.

“तुम्ही बदललात हो,” बायको म्हणाली.

मी नम्रपणे मान हलवली आणि एकोणचाळिसाव्यांदा क्लच दाबला.

परीक्षेला सहा दिवस उरले असताना वरचे साहेब रजेवरून परत आले. ते कधीकाळी माझेच विद्यार्थी होते, त्यामुळे माझ्याशी फार आदराने वागतात आणि माझं एकही काम करत नाहीत. त्यांनी आमची गाडी पाहिली, पेडल पाहिलं, खाली वाकून पेडलच्या मागे पाहिलं.

“मास्तर, विजेच्या गाडीत क्लच?”

“चौदा नंबर,” मी म्हणालो.

“क्लच आहे म्हणजे गिअरबॉक्स पाहिजे. तो दाखवा. नसेल तर गाडीत विनापरवाना फेरबदल केला असं होतं. आणि चौदा नंबर मागच्या महिन्यातच रद्द झालाय. परिपत्रक आलंय.”

मी कारकुनाकडे पाहिलं. त्याने ड्रॉवर उघडला, परिपत्रक काढलं, वाचलं आणि पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवलं. त्याच परिपत्रकात आणखी एक कलम होतं. विजेची गाडी शिकवणाऱ्या प्रशिक्षकाने स्वतः त्या गाडीवर नव्याने परीक्षा द्यायची.

“मी? परीक्षा?”

“औपचारिकता हो मास्तर,” साहेब म्हणाले. “वहिनींच्याच दिवशी उरकून टाकू.”

संध्याकाळी मिस्त्रीने पेडल काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नदीवरच्या पुलाकडे गेलो. चढाची परीक्षा असते, त्यामुळे चढ टाळून चालणार नव्हतं. पुलाच्या मध्यावर पुढे एक ट्रक थांबला, बायकोनेही गाडी थांबवली. ट्रक निघाला. तिने ब्रेक सोडला आणि गाडी अगदी वीतभर मागे सरकली. माझा डावा पाय क्लचवर गेला. तिथे नुसती चटई होती. पायाला काही सापडलं नाही आणि मग जे तीन आठवडे स्प्रिंगमध्ये जिरलं होतं ते सगळं तोंडावाटे बाहेर आलं.

“अगं क्लच! क्लच दाब! क्लच!”

“क्लच कुठे आहे यात?” ती म्हणाली.

“तुला आयुष्यात गाडी येणार नाही!”

गाडीत एकदम शांतता झाली. विजेच्या गाडीची ही मोठी खोड आहे, शांतता झाली की पूर्णच होते. तेच वाक्य, तोच पूल. मला खरोखर लाज वाटली. इतकी, की मागे वाजणारे हॉर्न मला दिलासा वाटले.

बायकोने हँडब्रेक ओढला, धोक्याचे दिवे लावले आणि म्हणाली, “उतरा.”

मी उतरलो. मागच्या वेळी ती उतरली होती, आता माझी पाळी. मागच्या रिक्षावाल्याने विचारलं, “काय मास्तर, गाडी बंद पडली?” मी म्हणालो, “गाडी नाही.” दोन मिनिटं मी कठड्याला टेकून उभा राहिलो. बायको समोर पाहत बसली होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मग तिने काच खाली केली.

“नियमाप्रमाणे मला बाजूला कुणीतरी लागतं,” ती म्हणाली. “कुणीतरी म्हणून बसा. मास्तर म्हणून नको.”

“चुकलो मी. आज आणि तेव्हाही.”

“ते नंतर बोलू. पाच दिवस उरलेत. बसा.”

मी बसलो. तिने गाडी सुरू केली, ब्रेक जरा उशिरा सोडला, वेग जरा आधी दिला. गाडी मागे गेली नाही. पूल उतरून तिने वळवली आणि पुन्हा चढावर आणली. त्या सकाळी आम्ही तो पूल बावीस वेळा चढलो. तोंड बंद राहावं म्हणून फेजकाकांच्या सल्ल्याने मी पुढचे चारही दिवस लिमलेटच्या गोळ्या चघळत होतो. आवंढा आणि संताप एकाच नळीतून जातात, एका वेळी एकच जाऊ शकतो, असं त्यांचं म्हणणं होतं. शास्त्राचं मला माहीत नाही, पण माझी एक दाढ त्या आठवड्यात कायमची दुखावली.

परीक्षेच्या दिवशी आधी माझा नंबर लावला. औपचारिकता ना! मैदानाच्या कडेला माझे जुने विद्यार्थी, दुसऱ्या स्कूलचे मास्तर, मिस्त्री, अशी बरीच मंडळी उभी होती. मी त्यांच्याकडे पाहून हात हलवला. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर स्वतः गाडी फारशी चालवत नाही, तो बाजूला बसतो. ही गाडी तर मी एकदाही चालवली नव्हती. सराव करा, असं बायको दोनदा म्हणाली होती. तिला मी हसलो होतो.

साहेब बाजूला बसले, मांडीवर फायली. मी गाडी सुरू केली. झकास निघाली. थोडा वेग आला आणि सव्वीस वर्षांच्या इमानाने माझा डावा पाय गिअर बदलण्यासाठी उठला. क्लच जिथे असतो तिथे या गाडीत ब्रेकचं रुंद पेडल आहे. त्यावर मी सगळ्या ताकदीने पाय दिला.

साहेबांच्या फायली काचेवर गेल्या आणि चष्मा त्यांच्या मागोमाग गेला.

“कुत्रं आडवं आलं का मास्तर?” त्यांनी आदराने विचारलं.

“नाही.”

“बरं. पुन्हा घ्या.”

मी पुन्हा घेतली. पुन्हा वेग आला आणि पुन्हा पाय उठला. मी त्याला मनातल्या मनात ओरडून थांबवत होतो, पण माझ्या ओरडण्याचा परिणाम आयुष्यात कुणावर झालाय, की पायावर होईल? या वेळी साहेबांनी चष्मा आधीच हातात धरला होता. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले. कडेची मंडळी सुरुवातीला हसत होती, नंतर हसायची थांबली, ते मला जास्त लागलं.

“मास्तर,” साहेब हळू आवाजात म्हणाले, “गाडी मला तुम्हीच शिकवलीत. म्हणून सांगायला जिवावर येतंय.”

“सांग.”

“नापास.”

त्यानंतर बायकोचा नंबर होता. मी कडेला उभा राहिलो आणि तोंडात एकदम दोन गोळ्या टाकल्या. तिने आरसा पाहिला, पट्टा लावला, निघाली. आठचा आकडा काढला, मागे घेतली, दोन खांबांमध्ये उभी केली. चढावर थांबली. मग गाडी सरळ वर निघून गेली. मिस्त्री माझ्या खांद्यावर हात मारत म्हणाला, “मास्तर, एक इंचसुद्धा नाही!” मी तोंडातल्या दोन्ही गोळ्या एकदम चावल्या.

परवाना तिच्या हातात पडला तेव्हा एक तारखेला तीन दिवस बाकी होते. माझी फेरपरीक्षा पंधरा दिवसांनी. तोवर, कारकुनाने वाचून दाखवलं, बिनक्लचच्या गाडीचा सराव मी फक्त तसा परवाना असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली, गाडीला शिकाऊची पाटी लावून करायचा. “ओळखीत आहे का असं कुणी?” असं त्याने विचारलं, आणि वीस वर्षांत प्रथमच माझ्याकडे मान वर करून पाहिलं.

एक तारखेला सकाळी सात वाजता माझ्या शाळेचं नाव रंगवलेल्या गाडीवर मी स्वतःच्या हाताने लाल पाटी लावली. इमारतीच्या बारा खिडक्यांतून लोक पाहत होते. फेजकाकांनी वरून विचारलं, “मास्तर, विद्यार्थी कुठाय?” मी स्टिअरिंगसमोर जाऊन बसलो, तेव्हा त्यांनी खिडकी हळूच लावून घेतली.

बायको बाजूला बसली. नवीन ओळखपत्र गळ्यात, डायरी हातात.

“डाव्या पायातला बूट काढा,” ती म्हणाली.

“का?”

“काढा आणि मला द्या. पायात बूट नसला की पाय उचलताना कळेल तुम्हाला.”

हा उपाय सव्वीस वर्षांत मला सुचला नव्हता. बूट तिने पायाशी ठेवला आणि मी निघालो. पहिल्या चौकात पाय उठला. गाडी कचकन थांबली, तिचं कपाळ समोर आपटता आपटता वाचलं. मी खांदे आत घेतले आणि वाट पाहिली. तिच्या जागी मी असतो तर काय काय बोललो असतो ते सगळं मला पाठ होतं. तिने डायरीत एक रेघ ओढली.

दुसऱ्या चौकात पुन्हा तेच. आणखी एक रेघ.

“बोल ना काहीतरी,” मी म्हणालो. “तुझा हक्क आहे.”

“आठ वाजता मला रुजू व्हायचंय,” ती म्हणाली. “चला पुढे.”

तिसऱ्या चौकात पाय नुसता थरथरला. पुलावर तर तो अजिबात उठला नाही. चढावर थांबलो, ब्रेक जरा उशिरा सोडला, वेग जरा आधी दिला. हे मी तिच्याकडे पाहून शिकलो होतो. माळ लागला, लांबच लांब पांढरी शेड दिसायला लागली, आणि मी कारखान्याच्या दरवाजाशी गाडी उभी केली तेव्हा आठला बारा मिनिटं कमी होती.

दरवाजावरचा पहारेकरी वही घेऊन आला. त्याने बायकोचं ओळखपत्र पाहून सलाम केला, लाल पाटी पाहिली, माझे पांढरे झालेले केस पाहिले आणि माझा एका पायातला बूट पाहिला.

“मॅडम, हे कोण? वहीत लिहावं लागतं.”

मी ताठ बसलो. या वहीत काय लिहिलं जाईल याची मला उगाच काळजी वाटली. बायको दार उघडून उतरली, ओढणी सारखी केली आणि आत जाता जाता म्हणाली, “माझे विद्यार्थी आहेत. पाच वाजता मी परत येईन, तोवर बाजूला परवानावाला कुणी बसल्याशिवाय त्यांना गाडी हलवू देऊ नका.”

पहारेकऱ्याने वहीत तसंच लिहिलं. खाली मी सही केली, आणि सावलीत गाडी लावायला, खिशातला परवाना दाखवून, पहारेकरी स्वतः बाजूला येऊन बसला.